शेक आणि बाटली हे दोन वेगळे उपचार नाहीत

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक बातमी आली होती. मथळा असा होता की कॅन्सरच्या पेशींना रेडिएशनपुढे दुबळं करणारं नवीन औषध सापडलं, उपचाराचा परिणाम दुप्पट. मी तालुक्याच्या गावाला मेडिकल दुकान चालवतो, २६ वर्षं झाली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार जण ती बातमी घडी घालून खिशात घेऊन दुकानात आले आणि विचारायला लागले की हे आलंय का, कधी येणार, मुंबईला मिळेल का, केवढ्याला पडेल. त्यातल्या एकाच्या बायकोला सध्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक चालू आहे (आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, काही लोक लाईट म्हणतात). मी बातमी नीट वाचली तर शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक लिहिलेलं की प्रयोग उंदरांवर झालाय. बरं ते एक असू दे, उंदरांपासूनच सुरुवात होते सगळ्याची. माझं म्हणणं वेगळं आहे. म्हणजे त्या माणसाला मी विचारलं की वहिनींना शेकाबरोबर आठवड्याला बाटली लावतात का, तर म्हणाला हो लावतात की, दर सोमवारी, ताकदीची असते ती, मागच्या सोमवारी आमच्याकडे वास्तुशांत होती म्हणून नाही नेली.

साहेब, ती बाटली म्हणजे सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध, तेच आहे ते. तुमच्या बातमीत जे "नवीन सापडलं" तेच काम करणारं औषध त्या बाईला दर सोमवारी फुकटात लागत होतं आणि वास्तुशांतीसाठी चुकवलं गेलं. पेपरात मथळा उंदराचा आणि घरातलं औषध कुणाला माहीत नाही. म्हणून हे पत्र लिहितोय, लांब झालं तर कापा, पण औषधांची नावं तेवढी कापू नका.

त्या माणसावर हसायचा मला अधिकार नाही कारण आमच्याच घरात हे झालंय, आणि मी स्वतः फार्मसीवाला. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, दोन वर्षांमागे घशाचा कॅन्सर निघाला. वय ६१, शेती आणि ऊस वाहतूक, तंबाखू-चुना पंचवीस-तीस वर्षं. ऑपरेशन नको, शेक आणि केमो एकत्र देऊ असं ठरलं, फाईलवर लिहून दिलं ७० ग्रे (ग्रे हे शेकाचा डोस मोजायचं माप), ३५ वेळा, म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे सात आठवडे, आणि आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन ४० मिलिग्रॅम दर चौरस मीटर, म्हणजे अंगाच्या क्षेत्रफळाच्या हिशोबानं. जिल्ह्याच्या गावचं खासगी हॉस्पिटल, नाव घेत नाही. पहिल्या आठवड्यात बाटली लागली. दुसऱ्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट दुपारी उशिरा आला तोवर डे-केअरचे बेड भरलेले, तिथल्या माणसानं सांगितलं आज राहू दे, पुढच्या आठवड्यात घ्या, शेक तर चालू आहे ना. तिसऱ्या आठवड्यात दादालाच उलट्यांनी नको झालं होतं, तो म्हणाला मला ती ताकदीची बाटली नको, मेन शेक आहे तेवढा घेतो. कुणीही त्याला अडवलं नाही. पुतण्या सोबत जायचा, त्याला काय कळणार, आणि मी इकडे दुकानात बसून अख्ख्या गावाला डोस समजावत होतो.

ताकदीची बाटली हा समज कुठून येतो तेही सांगतो, कारण तो वेडेपणातून येत नाही. सिस्प्लॅटिन किडनीला त्रास देतं म्हणून आधी एक सलाईन देतात, त्यात मॅग्नेशियम पोटॅशियम घालतात, उलटीचं इंजेक्शन देतात, मग औषधाची बाटली, मग परत एक सलाईन. नातेवाइकाला तीन बाटल्या दिसतात, त्यातल्या दोन खरंच मिठाच्या पाण्याच्या असतात. मधली तेवढी काळ्या कागदात गुंडाळलेली असते, उजेड लागू नये म्हणून. तर नर्सनं घाईत "सलाईन लावायचीय" म्हटलं की झालं, सलाईन म्हणजे ताकद, हे आपल्याकडं गावोगाव पक्कं बसलेलं आहे. आणि केमो म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं केस गळलेलं डोकं येतं, आठवड्याच्या या लहान डोसनं सहसा केस काही तसे जात नाहीत, मग हा केमो नाहीच असं ते धरून चालतात.

चौथ्या आठवड्यात मी दुकान बंद ठेवून स्वतः गेलो. तिथं एक तरुण मॅडम होत्या, शिकाऊ डॉक्टर असाव्यात, त्यांनी फाईल बघितली आणि दोन मोकळे रकाने बघून त्यांचा चेहराच उतरला. दादाला त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर ऐकलेल्यातलं सगळ्यात सोपं होतं. म्हणाल्या, काका, शेकानं पेशीच्या आतला धागा तुटतो, डीएनए म्हणतात त्याला, पण कॅन्सरची पेशी रात्रीत तो धागा परत जोडायला बसते. हे औषध त्या धाग्याला गाठी मारून ठेवतं, मग तिला जोडता येत नाही आणि ती मरते. औषध एकटंच दिलं तर एवढ्या छोट्या डोसनं तुमची गाठ बरी व्हायची नाही, आणि शेक एकटाच दिला तर काही पेशी जोडाजोड करून सुटतात. दादा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, म्हणजे रान भिजवून मग नांगर घालायचा. मॅडमना काही ते कळलं नाही पण बरोबर तेच आहे. कोरड्या ढेकळात नांगर घातला तर फाळ घसरतो, आणि पाणी एका महिन्यात दिलं नि नांगर दुसऱ्या महिन्यात घातला तरी उपयोग नाही, वाफसा असतानाच घालावा लागतो. त्या दिवसानंतर त्यानं एकही बाटली नाही म्हटली नाही.

आता जरा मागं जातो कारण या औषधाची जन्मकथा सांगायचा मोह आवरत नाही. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग नावाचा माणूस जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होता. भांड्यात वीज सोडायला प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या होत्या, त्याला वाटलं प्लॅटिनमला काही होत नाही. तर जंतूंचं दोन होणंच थांबलं आणि ते नुसते लांबत गेले, शेवयांसारखे, नेहमीच्या कितीतरी पट. वीज नव्हे, पट्टीतून सुटलेलं प्लॅटिनम ते करत होतं. १९७८ साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं. आज ते आपल्या सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, भाव बांधलेला आहे. प्लॅटिनमची अंगठी घ्यायला गेलात तर सोनार तुम्हाला बसवून चहा पाजेल, आणि हे प्लॅटिनमचं इंजेक्शन कुणी चुकवलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. (दुकानदारांसाठी एक जाता जाता: हे फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, खडे धरतात. मी बघितलंय ठेवलेलं.)

फाईलवर जे ग्रे लिहिलेलं असतं ना, ७० ग्रे वगैरे, तो ग्रेसुद्धा माणूसच होता, लुई हॅरॉल्ड ग्रे, इंग्लंडचा. आणि गंमत म्हणजे याच विषयातला पाया त्याचा आहे. १९५३ च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशीला ऑक्सिजन मिळत असेल तर किरणांचा मार बसतो, ऑक्सिजन नसेल तर तीच पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. दोन वर्षांनी थॉमलिन्सन नावाच्या डॉक्टरबरोबर त्यानं फुप्फुसाच्या गाठींचे काप बघितले, तर रक्तवाहिनीपासून दोन केसांच्या जाडीएवढं लांब गेलं की पुढचं सगळं मेलेलं, आणि मेलेल्याच्या काठाला ज्या पेशी अर्धपोटी, गुदमरलेल्या पण जिवंत असतात त्या शेकाला दाद देत नाहीत. म्हणजे गाठ जितकी दांडगी नि आतून गुदमरलेली तितकी ती चिवट. मला हे वाचून आश्चर्य वाटलेलं, आपल्याला वाटतं गुदमरलेलं आधी मरेल.

मग गेली साठ-सत्तर वर्षं लोक या गुदमरलेल्या पेशींच्या मागं लागलेत. ऑक्सिजनची नक्कल करणारी औषधं शोधली आणि त्यातली पहिली कुठली निघाली तर मेट्रोनिडाझोल, म्हणजे जुलाबाला रोज माझ्या दुकानातून जाते ती गोळी. १९७६ साली कॅनडात मेंदूच्या कॅन्सरला शेकाबरोबर तिचे भलेमोठे डोस देऊन बघितले होते. त्यानंतर तिची बहीण मिसोनिडाझोल आली, तिनं लोकांचे हातपाय बधिर केले, सोडून दिली. तिसरी बहीण निमोराझोल, ती डेन्मार्कवाल्यांनी धरून ठेवली. त्यांनी घशाच्या नि स्वरयंत्राच्या ४२२ रुग्णांवर ती तपासली, पाच वर्षांनी गाठ काबूत राहण्याचं प्रमाण नुसत्या शेकानं १०० त ३३ होतं ते ४९ झालं. डेन्मार्कमध्ये त्यानंतर ती नेहमीच्या उपचारात घेतली गेली. पण नंतर ब्रिटनमध्ये परत तपासली, केमो झेपणार नाही अशा रुग्णांवर, नव्या पद्धतीच्या शेकाबरोबर, तर फायदा दिसला नाही. म्हणून जग काही डेन्मार्कच्या मागं गेलं नाही. आणि हे वाचून कुणी मेट्रोनिडाझोलची पाकिटं मागायला येऊ नये, मी देणार नाही, त्या प्रयोगातले डोस जुलाबाच्या डोसाच्या कितीतरी वर होते आणि त्याचा आता कुणी वापर करत नाही.

हे सांगायचं कारण असं की या विषयात तर्क आणि माणसाचं शरीर यांचं फार वेळा जमत नाही. आणखी एक उदाहरण घ्या, रक्त कमी असेल तर गाठीला ऑक्सिजन कमी, मग शेकाचा परिणाम कमी, इथवर सगळ्यांना पटतं. मग रक्त वाढवायचं इंजेक्शन दिलं तर शेकाचा परिणाम वाढेल, हेही पटतं. २००३ साली युरोपात ३५१ रुग्णांवर हे करून बघितलं, अर्ध्यांना एरिथ्रोपॉइटिन अर्ध्यांना नुसतं पाणी. हिमोग्लोबिन झकास वाढलं आणि गाठ मात्र इंजेक्शनवाल्यांचीच जास्त परत आली. किंवा अगदी अलीकडचं, झेव्हिनापँट नावाचं औषध, तोंडानं घ्यायचं, पेशीला मरू न देणारा अडसर काढून टाकतं म्हणे, फ्रान्समध्ये ९६ रुग्णांच्या छोट्या चाचणीत इतकं चांगलं दिसलं की जगभर बातम्या झाल्या. मग मोठी चाचणी घेतली, ती २०२४ च्या जूनमध्ये मधेच थांबवावी लागली, फायदा होणार नाही म्हणून. तेव्हाच्या बातमीचे मथळे माझ्याकडे आहेत, थांबवल्याची बातमी मराठीत मला तरी दिसली नाही. तुमच्या त्या उंदरांच्या औषधाचं काय होईल ते मला माहीत नाही, पण वार्ताहराला एवढं तर विचारता येतं की माणसांवर कधी, किती जणांवर, आणि दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट.

कारण खरा हिशोब दुपटीचा नसतोच. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ज्या चाचण्या जगभर झाल्या त्या सगळ्या एकत्र करून बघितल्या तर शेकाबरोबर केमो दिल्यानं पाच वर्षांनी जिवंत असणारे १०० मागे साडेसहा जण वाढतात. सत्तरीच्या पुढं तो फायदा जवळपास उरत नाही. साडेसहा ऐकून काही लोकांचा मूड जातो, माझ्या दुकानातल्या पोराचा गेला. पण ओपीडीच्या बाहेर सकाळी साडेनऊला बाकांवर किती लोक बसलेले असतात ते ज्यानं बघितलंय त्याला साडेसहा काय ते कळेल.

आणि हे परदेशी आकडे झाले, आपल्याकडचे ऐका, तेच मला जास्त भारी वाटतात. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला शेकाबरोबर सिस्प्लॅटिन द्या असं अमेरिकेनं १९९९ सालीच सांगितलं होतं, पण तिकडच्या बायका बऱ्याचशा लवकरच्या स्टेजच्या, आपल्याकडं येतात तेव्हा रोग बाजूच्या भिंतीपर्यंत गेलेला असतो, तिसऱ्या स्टेजचा. त्यांना फायदा होतो का हे कुणी नीट बघितलं नव्हतं. परळच्या टाटा हॉस्पिटलनं २००३ ते २०११ या काळात अशा ८५० बायका घेतल्या, अर्ध्यांना नुसता शेक, अर्ध्यांना शेक आणि आठवड्याची बाटली. निकाल २०१८ साली आला. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या १०० पैकी ४६ जिवंत होत्या, बाटलीवाल्या ५४. वास्तुशांतवाल्या माणसाला मी हे दोन आकडे कागदाच्या पिशवीवर लिहून दिले. त्यानं ती पिशवी नेली, औषध हातात धरून नेलं.

दुसरं काम टाटाचंच, ते आमच्या दादाच्या थेट उपयोगाचं. पाचव्या आठवड्यात दादाचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.२ वरून १.९ झालं. घसा सोलून निघालेला, पाणी गिळवेना, नाकातून नळी घालायला तो तयार नव्हता, मग किडनीनं तक्रार केली. सिस्प्लॅटिन बंद. मला वाटलं झालं, आता नुसता शेक. कारण सिस्प्लॅटिन न चालणारे लोक काही थोडे नाहीत, कुणाची किडनी, कुणाला आधीच कमी ऐकू येतं (हे औषध कानाला पण त्रास देतं), कुणाचे हातपाय बधिर, कुणी नुसताच खंगलेला. अशांना परदेशात सेटुक्सिमॅब द्यायची पद्धत आहे, ते आपल्याला परवडत नाही हे सांगायला नको. तर टाटानं सिस्प्लॅटिन चालत नाही अशाच ३५६ रुग्णांची चाचणी घेतली, अर्ध्यांना नुसता शेक आणि अर्ध्यांना शेकाबरोबर आठवड्याला डोसेटॅक्सेल, डोस अगदी लहान, १५ मिलिग्रॅम दर चौरस मीटर. डोसेटॅक्सेल जुनंच, कंपन्या ढीगभर, आपल्या यादीतलं. दोन वर्षांनी जिवंत असणारे ४१.७ टक्क्यांवरून ५०.८ टक्के झाले. २०२३ मध्ये हे अमेरिकेतल्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलं. फुकट काही नाही, तोंड भयंकर येतं, नुसत्या शेकात १०० पैकी २२ जणांना ज्या गंभीर प्रतीचं तोंड येत होतं ते डोसेटॅक्सेलमध्ये जवळपास ५० जणांना आलं. दादाला शेवटच्या दोन आठवड्यांत तेच दिलं. आता त्याचं मधेच बदललं, चाचणीत सुरुवातीपासून होतं, त्यामुळे त्याला किती फायदा झाला हे मी छातीठोक सांगू शकत नाही आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. त्या दोन आठवड्यांत मात्र तो पाटीवर लिहून बोलायचा, वहिनी ताकात भिजवलेला भात मिक्सरला फिरवून नळीतून द्यायच्या (नळी शेवटी घातलीच), आणि पाटीवर एकदा त्यानं नुसतं "वाफसा?" लिहिलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं हो.

इथं एक गोष्ट माझ्या अंगावर घ्यायचीय. शेक चालू असलेले लोक माझ्याकडून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल न्यायचे, मीही आनंदाने द्यायचो, मार्जिन चांगलं असतं, खोटं कशाला बोला. आता शेक पेशी मारतो कसा तर पेशीतल्या पाण्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे समोर येईल त्याला तोडणारे कण, तयार करून, आणि या कॅप्सूल करतात काय तर फ्री रॅडिकल्स विझवतात. म्हणजे एका हातानं आग लावायची आणि दुसऱ्या हातानं पाणी मारायचं. कॅनडात क्विबेकला ५४० रुग्णांना शेकाच्या वेळी व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन मोठ्या डोसमध्ये देऊन बघितलं, तर त्रास थोडा कमी झाला खरा पण रोग परत यायचं प्रमाण जास्तीकडे गेलं. तेव्हापासून शेकाचा पेशंट असेल तर मी विचारतो आणि देत नाही. भाजी फळं खा, कॅप्सूल नको. यावरून एक एमआर (औषध कंपनीचा माणूस) माझ्यावर अजून रुसलेला आहे. काढ्यांचं, हळदीच्या गोळ्यांचं पण तेच विचारतो, निदान डॉक्टरला दाखवून घ्या म्हणतो, लपवून घेऊ नका.

आणि विडी. हॉस्पिटलच्या मागं एक लिंबाचं झाड होतं, शेक घेऊन बाहेर आलेले म्हातारे तिथं बसून विड्या ओढायचे, म्हणायचे आता काय व्हायचं राहिलंय. राहिलंय ना. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणजे ग्रे साहेबांनी सांगितलं तेच, गाठ अजून गुदमरते आणि अजून चिवट होते. १९९३ साली कॅनडातून आलेल्या एका अभ्यासात शेक चालू असताना सिगारेट ओढत राहिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण गेली, न ओढणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांची. दोन वर्षांनी जिवंत ३९ विरुद्ध ६६. सगळं श्रेय विडी सोडण्याला देता येणार नाही, ओढणारे लोक इतर बाबतीतही वेगळे असतात, पण एवढा फरक पाडणारं औषध कुणी काढलं असतं तर तुम्ही पहिल्या पानावर घेतलं असतं आणि कंपनीनं त्याचे लाखो रुपये लावले असते.

आता मुद्द्याचं मागणं. एक आपल्याकडं, पेपराकडं. औषधाची बातमी छापा जरूर, पण त्यासोबत चार ओळींची चौकट द्या की आज आपल्याकडं यातलं काय मिळतं. दुसरं मागणं हॉस्पिटलांकडं आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं, खर्च शून्य आहे त्याला. शेकाचं जे कार्ड रुग्णाच्या हातात असतं, ज्यावर रोज शिक्का मारतात, त्याच कार्डावर बाटलीचे सहा-सात रकाने छापा, मराठीत, औषधाचं नाव आणि "हे शेकाचाच भाग आहे, ताकदीचं नाही" असं ठळक. सध्या शेकाचं कार्ड वेगळं, डे-केअरची फाईल वेगळी, दोन खिडक्या, दोन रांगा, आणि एकमेकांना पत्ता नाही. दादाचे दोन रकाने मोकळे होते हे शेक देणाऱ्या टेक्निशियनला दिसलंच नाही कारण ते त्याच्या कार्डावर नव्हते. आठवड्याला ४० च्या हिशोबानं पाच बाटल्या गेल्या की एकूण २०० होतात आणि डॉक्टर लोक साधारण तेवढं तरी पोचावं असं धरतात, मग सहा-सातातल्या दोन चुकल्या की आपण काठावर नाहीतर खालीच राहतो. नर्सनं एखादा शब्द बदलला तरी पुरे, सलाईन म्हणू नका, शेकाचं इंजेक्शन म्हणा, लोक बरोबर येतील. शेकाचा एक दिवस लोक चुकवत नाहीत, भर पावसात दोन एसटी बदलून येतात, कारण तो महत्त्वाचा आहे हे त्यांच्या मनात बसलंय (आणि बरोबरच आहे, शेक एकेक दिवस लांबला की गाठ काबूत राहायची शक्यता टक्का-सव्वा टक्क्यानं घसरते असं मानतात). तेच मन बाटलीच्या बाबतीत का बसत नाही तर कुणी सांगितलेलं नसतं.

उलट्या होतात, तोंड येतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, म्हणून कधी कधी डॉक्टरच बाटली थांबवतात, ते वेगळं, ते त्यांनी बघून ठरवलेलं असतं. त्यात हट्ट करू नये. माझं भांडण बेड नाही म्हणून, रिपोर्ट उशिरा म्हणून, वास्तुशांत म्हणून चुकलेल्या बाटलीशी आहे.

दादा बरा आहे. लाळ कमी झालीय, भाकरी आमटीत बुडवल्याशिवाय गिळत नाही, बाहेर पडला की पाण्याची बाटली काखेत. मागच्या आठवड्यात दुकानात बसला होता तेव्हा तुमचा पेपर त्यानंच वाचून दाखवला, मथळा मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, अरे हे तर आपलं रान भिजवायचं.

माझं नाव छापू नये ही विनंती, गावात भावाला उगीच लोक विचारत बसतील.

आपला नियमित वाचक,
एक मेडिकल दुकानदार, सांगली जिल्हा